सात तारांचा घट्ट आवाज : मॉडेलरवर प्रोग्रेसिव्ह मेटलचा रिदम टोन बसवताना

गेन पूर्ण, बास पूर्ण, मिड शून्यावर. मेटलचा टोन म्हटलं की बहुतेकांचा हात या तीन बटणांकडे असाच जातो, आणि खोलीत एकट्याने वाजवताना तो आवाज खरोखर भारी वाटतो. ड्रम आणि बास गिटार सुरू झाले की मात्र तीच गिटार कुठे विरघळली ते कळत नाही. हल्लीच्या प्रोग्रेसिव्ह मेटलमधला तो टणक, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणारा रिदम टोन वजाबाकीने तयार होतो. सिग्नल डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याच्या टप्प्यात, शिरण्याआधी त्यातून किती खालचा भाग छाटला, यावर निम्मं काम ठरतं. उरलेलं बरंचसं कॅबिनेटच्या निवडीवर. अँपच्या बटणांचा नंबर त्यानंतर.

आणखी एक गोष्ट. हा आवाज मॉडेलरवर, म्हणजे अँप आणि स्पीकर डिजिटल रूपात देणाऱ्या यंत्रावर किंवा प्लगइनवर, ‘नक्कल’ करावा लागतो असं नाही, तो डिजिटल यंत्रांच्या सोबतीनेच वाढला. स्वीडनच्या मेशुगाने २००० नंतरच्या दशकात लाइन सिक्सचा वेट्टा हा डिजिटल अँप वापरला, अमेरिकेच्या पेरिफरीचा मिशा मन्सूर घरच्या कॉम्प्युटरवर त्याच कंपनीचा पॉड लावून डेमो बनवत होता, आणि दिल्लीच्या केशव धरचा स्कायहार्बर सुरुवातीला घरातल्या स्टुडिओतला एकट्याचाच प्रकल्प होता. म्हणून ‘खरा ट्यूब अँप नाही’ ही सबब इथे चालत नाही.

पुढचे आकडे एका ठरावीक मांडणीसाठी आहेत : सात तारांची गिटार, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २६.५ इंच, ट्यूनिंग ड्रॉप ए (सातवी तार ‘बी’वरून ‘ए’वर उतरवलेली), पीव्ही ५१५० जातीचा अँप आणि व्हिंटेज ३० स्पीकरचं चार बाय बारा कॅबिनेट. हीलिक्स, ॲक्स-एफएक्स, क्वाड कॉर्टेक्स, एखादं प्लगइन किंवा फुकट मिळणारा न्यूरल अँप मॉडेलर, यांपैकी काहीही असलं तरी क्रम तोच राहतो.

आधी गिटार

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हाय गेन तारेची ढिलाई आणि सुरातला बारीक फरकही दहापट करून दाखवतो.

ड्रॉप एमध्ये सातव्या तारेचा मूळ सूर ५५ हर्ट्झ असतो. साध्या ट्यूनिंगच्या जाड ई तारेचा ८२.४. सात तारांच्या तयार सेटमध्ये सातवी तार बहुधा ०.०५६ किंवा ०.०५९ इंचाची येते. ती ‘बी’ सुरासाठी ठीक आहे, ‘ए’वर ती लोंबते. जोरात पिक मारली की सूर आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याची सुरुवातच बेसूर. ०.०६४ची तार लावली तर २६.५ इंचावर साधारण साडेसात किलोची ओढ मिळते. नेहमीच्या ०.०१०च्या सेटमधली ई तार साध्या ट्यूनिंगला जवळपास तेवढीच ताणलेली असते. सहा तारांच्या २५.५ इंची गिटारवर ड्रॉप सी वाजवायचं असेल तर ०.०५६ पुरते.

जाड तार नटच्या (नेकच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाचेत नीट बसत नसेल तर ती वर उचललेली राहते आणि पहिल्या काही फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच कानशीने रुंद करून घ्यावी लागते. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या, कारण एकदा खोल गेलेली खाच परत भरून येत नाही. त्यानंतर ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी सळई) आणि मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), याच क्रमाने. मुंबई-कोकणात जूनमध्ये हवा बदलली की नेकचा बाक बदलतो, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर हे पुन्हा तपासावं.

ट्यून करताना तार हळूच छेडू नका. गाण्यात जितक्या जोरात मारणार तितक्याच जोरात मारा आणि ठोक्यानंतरच्या पहिल्या क्षणाला ट्यूनर काय दाखवतो ते धरा. रिफमधले, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यातले, सूर इतके तुटक असतात की तार शांत होईपर्यंत कोणी थांबतच नाही.

नटच्या मागे तारांवर केस बांधायचं कापडी रबर गुंडाळा. ट्रेमोलो असेल तर मागच्या स्प्रिंगांत स्पंजचा तुकडा खोचा. रिफ झटकन थांबवला की मागून येणारी ती किणकिण इथूनच निघते, आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा ब्लॉक) लावून ती पूर्ण जात नाही. ब्रिजजवळचा हंबकर पिकअप वापरा. शेवटचा फ्रेट दाबून मोजलं तर जाड तार आणि पिकअप यांच्यात दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असावं. पिक जाड हवी, १.२ ते १.५ मिलिमीटर. पाम म्यूट, म्हणजे तळव्याने तारा अर्धवट दाबून वाजवणं, करताना तळवा ब्रिजच्या सॅडलवरच टेकवा. तो चार-पाच मिलिमीटर पुढे सरकला तरी सूर मरतो आणि नुसतं ‘ठप’ उरतं. हे कुठल्याही ईक्यूने दुरुस्त होत नाही.

इंटरफेसवरची पातळी

इथे सगळ्यात जास्त माणसं घसरतात, कारण चूक कानाला चूक म्हणून कळत नाही. ‘हा प्लगइन अंगावर येत नाही’ एवढंच वाटतं.

गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा. त्याचा इम्पीडन्स साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटचा काही हजार ओहमच असतो, त्यामुळे पॅसिव्ह पिकअपचे वरचे सूर तिथेच बोथट होतात. मग इनपुट गेनचं बटण शून्यावर ठेवा. ‘मीटर उणे १२ डेसिबलपर्यंत यायला हवा’ हा सल्ला गाण्याच्या मायक्रोफोनसाठी बरोबर आहे, अँपच्या मॉडेलसाठी नाही. मॉडेलला तुमच्या गिटारचं खरं व्होल्टेज किती आहे ते कळायला हवं. इंटरफेसवर १० डेसिबल वाढवणं म्हणजे अँपपुढे १० डेसिबलचा बूस्टर ठेवणं.

नेमकेपणा हवा असेल तर गणित सोपं आहे. इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी डीबीयूमध्ये (व्होल्टेजच्या डेसिबल मापात) दिलेली असते. मॉडेल १२ डीबीयू धरून बनवलेलं असेल आणि इंटरफेसची मर्यादा १८ असेल, तर सिग्नल आत ६ डेसिबल कमी पोचतो. प्लगइनच्या इनपुटवर तेवढे ६ वाढवा. उलट असेल तर कमी करा. ॲक्टिव्ह पिकअप गेन शून्यावर असतानाही क्लिप होत असेल तर इंटरफेसला पॅडची सोय आहे का बघा, नाहीतर पिकअप थोडा खाली करा.

बफर (कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला ६४ किंवा १२८ सॅम्पल ठेवा. १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, जाण्यायेण्याचा आणि कन्व्हर्टरचा वेळ धरला की एकूण उशीर सहा ते दहा मिलिसेकंदांच्या आसपास जातो. दहा मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहणं. चालून जातं, पण सोळावे हिस्से वाजवताना त्यापुढे हाताला जाणवायला लागतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका.

घरघर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे. दुसरा संशयित म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर. आपल्याकडच्या विजेची घूं ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींवर असते, म्हणजे ड्रॉप एच्या ५५ला अगदी खेटून. ती पटींसकट फिल्टरने काढायला गेलात तर सूरही जाईल.

गेट आणि बूस्ट

साखळी अशी लावा : गेट, ओव्हरड्राइव्ह, अँप, कॅबिनेट, ईक्यू. डिले आणि रिव्हर्ब सगळ्यात शेवटी.

गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखाली ते बंद होतं ती, बसवताना गिटारचा आवाज पूर्ण उघडा ठेवून तारा तळव्याने दाबून धरा. गेट बंद होईपर्यंत थ्रेशोल्ड वर न्या, मग आणखी तीन-चार डेसिबल. अटॅक (उघडण्याचा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आत. रिलीज (बंद होण्याचा वेळ) ३० ते ६० मिलिसेकंद; तुटक रिफना ३०, मध्ये लांब सूर असतील तर ६०च्या पुढे. लांब सूर संपताना थरथरत तुटत असेल तर रिलीज किंवा होल्ड कमी पडतोय. अँपनंतर दुसरं गेट लावायचं असेल तर ते अँपच्या आवाजाकडे पाहून उघडता कामा नये, साइडचेनमधून, म्हणजे बाजूच्या वेगळ्या मार्गाने, मूळ गिटारचा सिग्नल त्याला द्यावा. डिस्टॉर्शननंतर सगळंच एका पातळीला दाबलेलं असतं, त्यात सूर कुठला आणि गोंगाट कुठला हे गेटला कळत नाही.

आता खरी किल्ली. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह घ्या आणि त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल ८ ते १०, टोन ५ ते ६ ठेवा. ओव्हरड्राइव्ह लावायचा आणि ड्राइव्ह शून्यावर, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण इथे त्याची धार नकोच आहे. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना वरच्यांपेक्षा कमी वाढ मिळते. त्यामुळे अँपच्या पहिल्या टप्प्यात बास कमी आणि मिड जास्त पोचतो. बास भरपूर ऊर्जा घेऊन शिरला तर तो डिस्टॉर्शनला कवेत घेतो, बाकीचे सूर त्याच्यासोबत हेलकावतात, आणि पाम म्यूट ओल्या गादीवर काठी मारल्यासारखे वाजतात. बास आधी काढा आणि अँपनंतर हवा तेवढा परत घाला. घट्टपणाचं गुपित एवढंच.

पेडलचा मॉडेल नको असेल तर अँपपुढे खालचा भाग छाटणारा साधा हाय-पास फिल्टर लावा : १०० ते १५० हर्ट्झ, प्रति सप्तक १२ डेसिबल, आणि त्यासोबत थोडी लेव्हल. ५५ हर्ट्झचा सूर आणि फिल्टर १५०वर, मग सूर जाणार नाही का? नाही. जड वाटणाऱ्या गिटारमध्ये कान ऐकतो तो ११०, १६५, २२० हर्ट्झचे वरचे अंश, आणि डिस्टॉर्शन ते नव्याने तयार करतं. त्याखालचा मजला बास गिटारचा आहे.

अँप

पीव्ही ५१५०च्या लीड चॅनलवर इथून सुरू करा : गेन ४, बास ४, मिड ५, ट्रेबल ५.५, प्रेझेन्स ५, रेझोनन्स ४. मॉडेलमध्ये मास्टर असेल तर तो ४च्या आसपास. पॉवर विभाग जास्त ताणला की खालचा भाग सैल पडतो.

गेन ४ ऐकून बरेच जण हिरमुसतात. एक कसोटी आहे. सातव्या तारेवर पाम म्यूटचे सोळावे हिस्से वाजवा आणि गेन हळूहळू कमी करत जा. ज्या ठिकाणी सूर अकाली मरायला लागेल त्याच्या किंचित वर थांबा. मोकळ्या कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी. या संगीतात साध्या पॉवर कॉर्डपेक्षा नववा, अकरावा असे विस्तारलेले कॉर्ड भरपूर येतात, आणि गेन जास्त झाला की त्यांचा लगदा होतो.

मॉडेल बदललात तर हेच आकडे उचलून लावू नका. ५१५० आणि मेसा बूगीच्या रेक्टिफायरमध्ये टोनची बटणं डिस्टॉर्शननंतर येतात, म्हणून बास ४-५ ठेवला तरी घट्टपणा टिकतो. मेसा बूगी मार्क मालिकेत ती डिस्टॉर्शनच्या आधी आहेत. तिथे बास १ ते २च ठेवायचा, ट्रेबल ७च्या पुढे न्यायचा, आणि आवाजाचा आकार नंतरच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक ईक्यूवर द्यायचा : ८० आणि २४० हर्ट्झ मधोमध किंवा किंचित वर, ७५० खाली, २२०० आणि ६६०० थोडे वर. मार्कवर बास ५ ठेवून ‘हा मॉडेल फसलाय’ म्हणणारे कमी नाहीत.

केम्परचं प्रोफाइल किंवा न्यूरल अँप मॉडेलरचं कॅप्चर म्हणजे अँपच्या एकाच मांडणीचा फोटो. त्यात गेन फार हलवू नका. दुसरं कॅप्चर घ्या. आणि ते बनवताना पुढे ओव्हरड्राइव्ह होता का, मागे कॅबिनेट होतं का, हे माहितीत वाचून घ्या. नाहीतर दोन बूस्ट किंवा दोन कॅबिनेट एकमेकांवर चढतात.

कॅबिनेट

अँपवर तासभर बटणं फिरवून जो फरक पडत नाही तो इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (कॅबिनेट आणि मायक्रोफोनच्या आवाजाचा डिजिटल ठसा), बदलून एका क्लिकमध्ये पडतो. तरीही बहुतेक वेळ अँपवरच खर्च होतो.

सुरुवात व्हिंटेज ३० आणि शुअर एसएम ५७ या जोडीने करा. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्याकडे असेल तर आवाज टोकदार, कडेकडे गेला की जाड आणि मऊ. मध्यातली टोपी आणि कागदी कोन जिथे भिडतात त्या जागेचा आयआर पहिल्यांदा लावून बघा. दोनशे फायलींचा गठ्ठा एकदम ऐकायला बसलात तर पंधराव्या फाइलला कान थकतो. पाच-सहा निवडा आणि रिदमचा एकच तुकडा डीआय म्हणून, म्हणजे गिटारचा कोरा सिग्नल, रेकॉर्ड करून फिरवत ठेवा. आयआर बदलला की आवाजाची पातळीही बदलते, ती प्रत्येक वेळी सारखी करा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. कान इथे हमखास फसवतो.

दोन आयआर मिसळायचे असतील, समजा ५७च्या टोकदारपणाखाली रिबन मायक्रोफोनचा जाडपणा, तर त्यांची वेळ जुळलेली हवी. ०.१ मिलिसेकंदाचा फरक म्हणजे हवेत साडेतीन सेंटिमीटर, आणि तेवढ्यानेही सारख्या पातळीवर मिसळताना ५ किलोहर्ट्झवर खड्डा पडतो. आवाज पोकळ झाला तर एकाची फेज उलटी करून बघा. दोन्हीकडे पोकळच असेल तर वेळ जुळवा किंवा आधीच जुळवलेले आयआर घ्या. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८वर चालणाऱ्या यंत्रात रूपांतर न होता गेली तर सगळी वळणं जवळपास नऊ टक्क्यांनी वर सरकतात आणि कॅबिनेट लहान वाटतं.

आवाज गोधडीखालून येत असेल तर बहुधा दोन कॅबिनेट चालू आहेत : एक अँपच्या ब्लॉकमधलं, एक तुमचं. डब्यात माशी अडकल्यासारखी चरचर येत असेल तर एकही चालू नाही.

कॅबिनेटनंतरची छाटणी

हाय-पास ७० ते ९० हर्ट्झ, लो-पास (वरचा भाग छाटणारा फिल्टर) ७ ते ९ किलोहर्ट्झ, दोन्ही १२ डेसिबलच्या उताराने. मग ३.५ ते ४.५ किलोहर्ट्झमधली शिट्टी शोधा. अरुंद पट्टा, क्यू (पट्ट्याचा अरुंदपणा) ८च्या आसपास, दहा डेसिबल वर उचलून सावकाश फिरवा. जिथे कानात सुई टोचते तिथे तो उणे ३ ते ५वर आणा. अशा दोन जागा कापल्या की पुरे. सहा-सात कापाव्या लागत असतील तर आयआर चुकलाय, परत जा. आवाज गदळ असेल तर ३०० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा. ७०० ते १२०० हा पट्टा शक्यतो सोडून द्या. मिक्समध्ये गिटार ओळखू येते ती त्याच्यामुळे.

मोकळ्या कॉर्डला आवाज बरोबर आणि पाम म्यूटला एकदम धम्म, हा नेहमीचा त्रास. साध्या ईक्यूने खालचा भाग कापला तर कॉर्ड हडकुळे होतात. मल्टिबँड कॉम्प्रेसरचा (ठरावीक पट्ट्यातलाच मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राचा) एकच पट्टा लावा, ८० ते २५० हर्ट्झ, आणि थ्रेशोल्ड असा ठेवा की फक्त पाम म्यूटला तीन ते पाच डेसिबल दबावं, मोकळ्या सुराला काही होऊ नये.

डबल ट्रॅक आणि बास

रिदम दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच ट्रॅक कॉपी करून काही मिलिसेकंद सरकवला तर हेडफोनवर रुंद वाटतो आणि फोनच्या एका स्पीकरवर पोकळ होतो. दोन ट्रॅकचं डिस्टॉर्शन मिळून जाड होतं, म्हणून प्रत्येकाचा गेन एकट्या ट्रॅकला लागला असता त्यापेक्षा अर्धा-एक आकडा कमी ठेवा. रिफ घट्ट वाटत नसेल तर टोनला हात लावण्याआधी दोन्ही ट्रॅकचे ठोके डोळ्यांनी बघा. बऱ्याचदा गुन्हेगार तिथेच सापडतो.

बास गिटारचा सिग्नल दोन भागांत फोडा. २०० हर्ट्झखालचा भाग स्वच्छ आणि कॉम्प्रेस केलेला, वरचा भाग डिस्टॉर्शनमधून. मिक्समध्ये ‘गिटारचा’ म्हणून वाटणारा बराचसा गुरगुराट या वरच्या भागाचा असतो. बास बंद केल्यावर गिटार एकटी पातळ आणि नाकातली वाटली तर घाबरू नका, ती तशीच वाटायला हवी.

क्लीन आणि लीड

क्लीनला बूस्ट आणि गेट दोन्ही बंद, पुढे हलका कॉम्प्रेसर, मागे टिंबयुक्त अष्टमांशाचा डिले. त्याचा वेळ : ६०,००० भागिले बीपीएम, गुणिले ०.७५, १२० बीपीएमला ३७५ मिलिसेकंद. लीडला रिदमपेक्षा दोन ते तीन डेसिबल जास्त आणि लो-पास किंचित खाली. हे सगळं वेगवेगळ्या प्रीसेटमध्ये ठेवू नका, एकाच प्रीसेटच्या सीनमध्ये किंवा स्नॅपशॉटमध्ये ठेवा. प्रीसेट बदलताना बऱ्याच यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते.

स्टेजवर

पीएला, म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या मोठ्या स्पीकरना, जाणाऱ्या आउटपुटवर आयआर हवा. मागे खरं गिटार कॅबिनेट ठेवलं असेल तर त्याच्या आउटपुटवर तो बंद हवा, म्हणजे दोन वेगळे मार्ग आधीच आखून ठेवा. हेडफोनवर बसवलेला टोन मोठ्या आवाजात वरून बोचतो आणि खालून फुगतो, कारण कमी आवाजात आपल्याला ही दोन्ही टोकं कमी ऐकू येतात आणि आपण ती नकळत वाढवून ठेवतो. घरी शेवटचा हात फिरवताना आवाज नेहमीपेक्षा वर न्या, पण थोडाच वेळ. स्टेजसाठी ग्लोबल ईक्यूमध्ये हाय-पास ११० ते १२०, लो-पास ६.५ ते ७ किलोहर्ट्झ असा वेगळा संच तयार ठेवा. साउंडचेकला पाचच मिनिटं मिळाली तर प्रीसेट उघडू नका. हाच एक संच हलवा, आणि तोही किक आणि बास वाजत असतानाच.